गठाणीच्या वाटेने पाच गावांकडे

मुलीने मिलानहून तो फोटो पाठवला तेव्हा आमच्याकडे पोळ्याची धांदल होती. समुद्रात घुसलेला एक काळा खडक, त्याच्यावर एकमेकांच्या खांद्यावर चढून बसल्यासारखी पिवळी, गुलाबी, विटकरी घरे, खाली चार होड्या. सोबत एक ओळ : ‘आईबाबा, तुम्ही आलात की इथे जाऊ. अशी पाच गावे आहेत ओळीने.’ पत्नीने फोटो मोठा करून घरे पाहिली, खिडक्यांतली वाळत घातलेली धुणी पाहिली. मी घरांच्या मागचा डोंगर पाहत होतो. त्यावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत आडव्या रेघा होत्या, अगदी वहीच्या पानासारख्या.

‘हे धुरे आहेत,’ मी म्हणालो.

‘तुम्हाला इटलीला नेलं काय आन् मारेगावला नेलं काय,’ ती म्हणाली, ‘तुम्ही धुरेच पाहाल.’

धुरा म्हणजे आमच्या वऱ्हाडात शेताचा बांध. तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीस वर्षे एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात हिशेब लिहिले, आणि त्या निमित्ताने वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास जिथे सापडेल तिथून गोळा करत राहिलो : जुनी गॅझेटियरे, रेल्वेचे अहवाल, रद्दीत निघालेल्या व्यापाऱ्यांच्या वह्या. सहल आखण्यासाठी लोक हॉटेलांचे दर काढतात. मी त्या पाच गावांचा इतिहास काढायला बसलो, आणि दोन महिन्यांनी लक्षात आले की मी पुन्हा कापसापाशीच येऊन पोहोचलो आहे. ती हकीकत या लेखात सांगायची आहे.

आधी गावे. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया नावाचा प्रांत आहे. जेनोवा हे त्याचे मुख्य शहर आणि बंदर. तिथून आग्नेयेला ला स्पेत्सिया या आरमारी बंदराकडे जाताना, त्याच्या थोडे अलीकडे ही पाच गावे लागतात : मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. पाचांना मिळून ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणतात, म्हणजे पाच भुया. पाचही गावांची लोकसंख्या एकत्र केली तरी चार हजारांच्या आतच. आमच्याकडे एवढ्या वस्तीच्या एकट्या गावाला बसथांबा मिळवायला निवेदने द्यावी लागतात. युनेस्कोने १९९७ साली या टापूला जागतिक वारसा ठरवले, १९९९ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आता वर्षाला लाखो लोक ही गावे पाहायला येतात.

ते पाहतात काय? समुद्र आणि घरे तर आहेतच. पण युनेस्कोने जो मान दिला तो निसर्गाला नव्हे, माणसाने हजारएक वर्षे खपून घडवलेल्या भूदृश्याला. तिथे सपाट जमीन नाहीच. डोंगर सरळ समुद्रात उतरतो. त्या उतारावर लोकांनी दगड फोडले, दगडांच्या भिंती आडव्या रचल्या, भिंतीच्या मागे माती भरली आणि जी दोन-चार हातांची पट्टी तयार झाली तिच्यावर द्राक्षाचा वेल लावला. मग त्याच्या वर दुसरी भिंत, दुसरी पट्टी. कोकणात याला मजगी म्हणतात. आणि चुना-मातीशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेल्या भिंतीला कोकणात गडगा म्हणतात. चिंक्वे तेर्रे म्हणजे गडग्यांनी तोललेल्या मजग्यांचा डोंगर. त्या भिंतींची एकूण लांबी हजारो किलोमीटर भरते. अशी कोरडी भिंत रचण्याच्या कलेला २०१८ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. इटलीसह आठ देशांनी मिळून तो अर्ज केला होता.

कोरडी भिंत का टिकते, हे समजायला मला वेळ लागला नाही, कारण आमच्याकडच्या हेमाडपंती देवळांनाही चुना नाही. पण देवळाची भिंत छत पेलते, ही भिंत माती पेलते, आणि मातीपेक्षा जड असते ते मातीतले पाणी. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि एखाद्या मोठ्या पावसात त्याच भाराने उलथते. कोरड्या भिंतीच्या मागे बारीक दगडांचा थर भरलेला असतो. पाणी त्यातून झिरपते आणि दगडांच्या सांध्यांतून बाहेर पडते, माती मागे राहते. म्हणून ही भिंत उभी असते. तिला खर्च फार नाही, मात्र माणूस रोज हवा. एक दगड निसटला की त्याच हंगामात बसवावा लागतो. नाही बसवला तर भिंतीला पोट सुटते आणि पुढच्या पावसात ते फुटते. आमचा धुरा दगडाचा नाही, मातीचा आणि गवताचा. पण मृगाआधी धुऱ्यावरून एक फेरी मारणे आणि फुटलेला कोपरा फावड्याने बांधून घेणे, हे माझ्या आजोबांचे काम मी पाहिले आहे. त्या फेरीला आमच्या घरात कधी सुटी नव्हती.

आता प्रवासाची आखणी. यवतमाळचा माणूस समुद्राकडे निघतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न रेल्वे हाच असतो. शहराला आज चालती रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाला, म्हणजे रूळ उंबऱ्यापर्यंत आले आहेत. जुनी रेल्वे होती ती ‘शकुंतला’, मूर्तिजापूर ते यवतमाळ, सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. विसाव्या शतकाच्या आरंभी ती घातली ती कापसासाठी. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४पर्यंत चालत होते. आम्ही लहानपणी चालत्या गाडीतून उतरून बोरे तोडून पुन्हा चढायचो, ही गोष्ट प्रत्येक यवतमाळकर सांगतो आणि ती बहुधा खरी असते. आता ती गाडीही बंद आहे. तेव्हा आम्ही नागपूरहून मुंबईला जाणार, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला एकदा आणि विमानासाठी पुन्हा एकदा.

कापसाला ठसे द्यावे लागले नाहीत. तो या वाटेने आमच्या दीडशे वर्षे आधी गेला.

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे तोंड वळवले. चार वर्षे सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत शेअरवाले बुडाले. पण रेल्वे थांबली नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची लाइन नागपूरला पोहोचली. यवतमाळच्या बाजूचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून धामणगावच्या स्टेशनावर जाऊ लागला. पुढे १८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला आणि आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा चुकला.

या कापसाला मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. उमरावती म्हणजे अमरावती, तिच्यावरून ऊमरा. दिग्रसचा असो, दारव्ह्याचा असो, वणीचा असो, प्रेसमध्ये दाबून ३९२ पौंडांची गठाण बांधली की तो ऊमरा झाला. हिशेबनीस म्हणून मला ही गोष्ट नेहमी टोचत आली आहे. शेतकऱ्याचे नाव जिनात पुसले जाते, गावाचे प्रेसमध्ये, आणि तालुक्याचे कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर.

शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो की आपला कापूस मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन परत येई. ते अर्धेच खरे आहे. लँकेशायरला लांब धाग्याचा अमेरिकन कापूस आवडत होता, युद्ध संपताच ते पुन्हा तिकडे वळले. आखूड धाग्याच्या, जाड सुताच्या वऱ्हाडी कापसाचे खरे गिऱ्हाईक झाले ते युरोपचे भूखंड, म्हणजे जर्मनी, बेल्जियम, इटली, आणि पुढे सर्वांच्या वरचढ जपान. या गिऱ्हाइकांचा परिणाम थेट आमच्या मातीवर झाला. हिंगणघाटचा ‘बनी’ हा लांब, मऊ धाग्याचा कापूस एके काळी नावाजलेला होता. पण त्यात सरकी जास्त आणि रुई कमी निघे. आखूड धाग्याच्या ‘जरी’त रुईचा उतारा जास्त. आखूड धाग्याला गिऱ्हाईक असेल तर शेतकरी लांबी कशाला पाहील? तो वजन पाहणार. विसावे शतक उजाडेपर्यंत बनीची जागा बहुतेक ठिकाणी जरीने घेतली होती. इंग्रज अधिकारी त्याला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणत. मला त्यात हिशेब दिसतो.

इटलीच्या या गिऱ्हाइकीचे दार म्हणजे जेनोवा. राफाएले रुबात्तीनो नावाचा तिथला एक जहाजमालक होता. मराठी वाचकाला तो नावाने ठाऊक नाही, पण त्याची दोन जहाजे ठाऊक असायला हरकत नाही. १८६० साली गॅरिबाल्डी आपले हजार स्वयंसेवक घेऊन सिसिलीवर निघाला तो जेनोवाजवळच्या क्वार्तोहून, आणि ‘पिएमोन्ते’ व ‘लोम्बार्दो’ या ज्या आगबोटी त्याने नेल्या त्या रुबात्तीनोच्या होत्या. गॅरिबाल्डी आणि मॅझिनी ही नावे आपल्याकडे घरोघर पोहोचली. मॅझिनी तर जेनोवाचाच, १८०५ साली तिथे जन्मलेला आणि तिथेच पुरलेला. सावरकरांनी त्याचे आत्मचरित्र १९०७ साली मराठीत आणले तेव्हापासून जेनोवा हे आपल्याकडे क्रांतीचे गाव आहे. त्याच रुबात्तीनोने सुएझ उघडल्याबरोबर १८७० साली जेनोवा-मुंबई अशी आगबोटीची नियमित फेरी सुरू केली. वाटेवर कोळसा भरायला तांबड्या समुद्रातले असाब बंदर त्याच्या कंपनीने आधीच विकत घेऊन ठेवले होते, आणि त्याच जागेतून पुढे इटलीचे आफ्रिकेतले साम्राज्य उगवले. मुंबईहून परतणाऱ्या बोटींच्या पोटात कापूस असे. म्हणजे मॅझिनी आमच्याकडे येण्याच्या सदतीस वर्षे आधीपासून आमचा ऊमरा मॅझिनीच्या गावी उतरत होता. याचे पुस्तक मात्र कोणी लिहिले नाही.

इथे एक शब्दांची गंमत सांगून पुढे जातो. आमच्याकडे जीन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना. हा शब्द इंग्रजीतल्या ‘इंजिन’चे शेपूट आहे. तरुण मुले घालतात ती जीन मात्र वेगळी. जेनोवात सुती आणि तागाचे मिश्र धागे विणून एक जाड कापड होई. फ्रेंचांत जेनोवाचे नाव ‘जेन’, त्यावरून इंग्रजांनी त्या कापडाला ‘जीन’ म्हटले. यवतमाळच्या बसस्थानकासमोर एका जिनाच्या भिंतीला टेकून जीन घातलेला मुलगा मोबाइल पाहत उभा असतो तेव्हा हे दोन शब्द एकमेकांना पाठ लावून उभे असतात.

मुंबईहून निघालेली बोट सुएझ ओलांडून नापोलीच्या बाजूने उत्तरेला जेनोवाकडे जाऊ लागली की इटलीचा किनारा तिच्या उजव्या हाताला राहतो. जेनोवा गाठण्याआधी ती ला स्पेत्सियाच्या आखातावरून जाते, आणि त्याच्या पलीकडे लगेच पाच गावे. तेव्हा आमच्या गठाणी त्या गडग्यांच्या समोरून गेल्या. गठाण काही पाहत नाही. पण मजगीवर द्राक्षे खुडणाऱ्या बाईने मान वर केली असेल तर तिला समुद्रात धूर सोडत चाललेली बोट दिसली असेल. तिच्या पाठीवर किंवा डोक्यावर टोपली असणार. त्या उतारावर गाडी चालत नाही, जनावरही कमीच ठिकाणी. दगड, माती, खत आणि द्राक्षे, सगळे माणसांनी वाहिले, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा. आमच्याकडे वेचणीच्या बाया संध्याकाळी कापसाचे गठुडे डोक्यावर घेऊन काट्याकडे येतात, तसेच. आज तिथे द्राक्षे वर आणायला एका रुळावर चालणारी चिमुकली गाडी असते. पण तीही सगळीकडे नाही.

रेल्वे मात्र त्यांच्याकडे मोठी आली, आणि आमच्याकडच्या रेल्वेच्या मागोमागच. १८७४ साली जेनोवा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग पुरा झाला. डोंगराच्या पोटातून, बोगद्यामागून बोगदा काढत. तोवर या गावांत जायचे ते होडीने किंवा डोंगरातल्या खेचरवाटेने. त्याआधी पाच वर्षे, १८६९ साली, ला स्पेत्सियाचा मोठा आरमारी कारखाना सुरू झाला होता. रेल्वे आल्यावर रिओमाज्जोरेचा माणूस सकाळी गाडीत बसून कारखान्यात कामाला जाऊन संध्याकाळी घरी येऊ लागला. महिन्याचा पगार. मजगीवर वर्षाला एकदा मिळणाऱ्या द्राक्षाच्या भावाशी त्याची तुलनाच नव्हती. काहीजण त्याहून लांब गेले. जेनोवाच्या बंदरातून अर्जेंटिनाला जाणाऱ्या बोटी भरून लिगुरियाची माणसे गेली. ब्वेनोस आयरेसमधली ‘ला बोका’ ही वस्ती त्यांनीच उभी केली.

मी या दोन रेल्वे शेजारी ठेवून बराच वेळ बसलो. आमच्याकडची रेल्वे आणि मागून आलेली शकुंतला माल नेण्यासाठी होती, माणूस जागेवर राहिला आणि त्याचा कापूस गेला. त्यांच्याकडे माल थोडा होता, एक गोड दारू आणि चार माशांची पिंपे. त्यामुळे रेल्वेने माणूसच नेला. आमची जमीन अजून पेरली जाते, पेरणाऱ्याच्या हाती उरते काय हा प्रश्न वेगळा. त्यांच्या मजग्या एकेक करून सुटत गेल्या, आणि मागे राहिलेली घरे इतकी सुंदर होती की त्याच रेल्वेने जग ती पाहायला आले. कवी एउजेनिओ मोन्ताले याचे बालपणीचे उन्हाळे मोंतेरोस्सोत गेले, तिथल्या उन्हातून आणि दगडांतून त्याची कविता आली आणि १९७५ साली त्याला नोबेल मिळाले. त्याचे कुटुंब जेनोवाहून सुटी घालवायला येणारे होते. म्हणजे पाहुणे तेव्हाच यायला लागले होते.

सुटलेल्या मजगीचे काय होते? पहिली काही वर्षे काहीच दिसत नाही. वेल वाळतो, झुडूप येते, रानडुकरे भिंतीचे दगड उकरतात. पाणी काढून देणाऱ्या चरा बुजतात. लांबून डोंगर उलट जास्त हिरवा दिसतो.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी त्या टापूत काही तासांत जो पाऊस कोसळला तो जवळच्या ब्रुन्यातो गावाच्या नोंदीत पाचशे मिलीमीटरच्या वर गेला. आमच्या जिल्ह्यात चांगल्या पावसाळ्यातही एवढा पाऊस पडायला दीड-दोन महिने लागतात. व्हेर्नात्साचा एकुलता एक रस्ता म्हणजे मूळचा ओढाच. वर छत घालून त्याचा रस्ता केलेला. तो फुटला. डोंगरावरून माती, दगड, झाडे, मोटारी घेऊन चिखल खाली आला आणि तळमजले गाडून समुद्रात गेला. व्हेर्नात्सात तिघे गेले, मोंतेरोस्सोत एक. नंतर भूवैज्ञानिकांनी व्हेर्नात्साच्या दरडींचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळले की कसल्या जात असलेल्या मजग्यांपेक्षा अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत सुटलेल्या मजग्यांवर दरडी अधिक कोसळल्या होत्या. फार जुन्या ओसाडीवर निदान जंगल वाढून मुळांनी माती धरली होती. जिथे माणूस नुकताच निघून गेला होता आणि जंगल अजून आले नव्हते, तिथे डोंगर सर्वात कच्चा होता.

ही ओळ वाचून मी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे काही केले नाही.

२०११ साली २६ ऑक्टोबरला आपल्याकडे लक्ष्मीपूजन होते. व्हेर्नात्सात लोक चिखलातून माणसे शोधत होते तेव्हा आमच्या घरी फराळाची ताटे भरत होती आणि जिनात नव्या कापसाची पूजा होती. मुलगी तेव्हा शाळेत होती. ती मिलानला गेली त्याला दोन वर्षे होतात, आणि तिच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आम्ही साडेतीन एकर विकले. उरले चार. ते आता ठोक्याने दिलेले आहे. ठोक्याने करणारा माणूस चांगला आहे, मेहनती आहे, पण धुरा माझा की त्याचा, हे कागदावर लिहिलेले नसते. वर्षभरापुरते शेत करणारा पुढच्या दहा वर्षांचा बांध का बांधील? २०२३च्या जुलैत आमच्याकडे ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची माणसे पुरात अडकली, यवतमाळ शहरात घरांत पाणी शिरले. त्यात आमचा ओढ्याकडचा धुरा गेला. त्याच्याबरोबर जी काळी माती गेली ती परत यायची नाही. मी तो धुरा अजून बांधलेला नाही. भूवैज्ञानिकांनी ज्याला ‘अलीकडे सुटलेली’ म्हटले आहे, तसली एक मजगी माझ्या नावावरही आहे.

यवतमाळ म्हटले की बाहेरच्या माणसाला काय आठवते हे मला माहीत आहे. त्यांच्या गावांचे फोटो छापून येतात आणि आमच्या गावांची आकडेवारी. पण सहल आखताना मला आपले दुःख त्यांच्या सौंदर्यासमोर मांडायचे नव्हते. मला एवढेच कळले होते की ज्या रेघा पाहून जग हरखते ती शेतकऱ्याची रोजची डागडुजी होती, आणि शेतकरी उठून गेल्यावर ती डागडुजी करायला पाहुण्यांच्या तिकिटाचा पैसा लागतो. उद्यानाच्या पायवाटांना तिकीट आहे. मला ते आधी खटकले होते, आता खटकत नाही. पायवाटेवर सपाता-चपला घालून गेल्यास दंड आहे, तोही ठीकच. पत्नीला बूट घ्यावे लागतील हे तिला अजून सांगायचे आहे.

आता आखणीबद्दल, कारण इथले दोघे-तिघे आमच्यासोबत यायचे म्हणत आहेत आणि त्यांनी मला काही प्रश्न विचारले आहेत.

सहल कंपन्यांच्या पंधरा दिवसांच्या युरोपात ही गावे बहुधा नसतात. मोठी बस गावात जाऊ शकत नाही हे त्याचे साधे कारण. पीसाचा कलता मनोरा दाखवून त्या पुढे निघतात. आपण मिलानहून रेल्वेने जावे, तीन तासांचा प्रवास आहे. ला स्पेत्सियात उतरावे, तिथे राहणे स्वस्त पडते, आणि रोज सकाळी गाडीने गावांत जावे, म्हणजे आरमारी कारखान्यातल्या कामगाराच्या उलट्या दिशेने. गावा-गावांत रेल्वेने चार-पाच मिनिटांचे अंतर आहे. कोर्निल्या तेवढे समुद्रापासून शंभरेक मीटर उंचावर, स्टेशनापासून साडेतीनशेहून अधिक पायऱ्या. आमच्यातल्या ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांनी तिथल्या छोट्या बसची वाट पाहावी. रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यातून काढलेली ‘प्रेमाची वाट’ दरड पडून २०१२ साली बंद झाली होती, ती २०२४ साली उघडली. पाऊण-एक किलोमीटरची आहे, आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. रेल्वेच्या बोगद्याचे काम चालू असताना मजुरांच्या सोयीसाठी ती काढली, प्रेमिकांनी नंतर ताब्यात घेतली. पत्नीने ती यादीत सर्वात वर लिहिली आहे. माझी हरकत नाही.

तारीख हा मात्र खरा वाद झाला. मुलीला दिवाळीची सुटी सोयीची वाटत होती. मी २०११ची तारीख तिला पाठवली. तिकडचे मोठे पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टला, गर्दीने पाय ठेवायला जागा नसते. मे महिना चांगला, पण मेमध्ये मला गाव सोडता येणार नाही. हे मी तिला फोनवर सांगितले तेव्हा ती गप्प झाली. मग विचारले, ‘धुरा?’ मी हो म्हणालो. या मेमध्ये ट्रॅक्टर आणि चार माणसे लावून ओढ्याकडची बाजू बांधायची, दगड खाली आणि माती वर, आणि त्यावर गवत लावायचे ठरले आहे. ठोक्याने करणाराही अर्धी मजुरी द्यायला तयार झाला, हे मला अपेक्षित नव्हते.

उरला सप्टेंबर. तिकडे द्राक्षांची तोड सप्टेंबरात असते. तोडलेल्यांतली चांगली घडे सावलीत सुकवून ‘शाकेत्रा’ नावाची गोड दारू करतात. आम्ही ती पिणार नाही, पण सुकायला घातलेली द्राक्षे पाहायची आहेत. आपल्याकडे तेव्हा कापूस बोंडावर असतो, वेचणीला अवकाश असतो. दसऱ्याच्या आसपास पहिली वेचणी होते, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात, त्याच्या आत परतता येईल. तिकिटे मुलगी काढते आहे.

तिला मी एक काम आणखी सांगितले आहे. पुरानंतर व्हेर्नात्साच्या लोकांनी बाहेरच्या पाहुण्यांना हाताशी धरून पडलेले गडगे पुन्हा रचायला सुरुवात केली होती, एखादा दिवस दगड उचलायचा, गावकरी शिकवतील तसा बसवायचा. अजून कोणी तसे शिकवत असेल तर आमच्यासाठी एक दिवस विचारून ठेव, म्हटले. ती हसली. म्हणाली, बाबा, पंचावन्नाव्या वर्षी इटलीत येऊन दगड फोडणार का तुम्ही?

फोडणार नाही, बसवणार, मी म्हणालो. मोठा दगड खाली, त्याचे तोंड आतल्या बाजूला झुकते, आणि दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा. एवढे मी वाचले आहे. मागे बारीक गोटे किती हात भरायचे, ते विचारून यायचे आहे.